मालाचा हात पडद्यावर लागत नाही

जानेवारीचा दुसरा आठवडा सोलापुरात गड्ड्याचा, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचा असतो. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावर अक्षता, दुसऱ्या दिवशी होम. पूर्व भागातले बरेच माग थंड असतात आणि कामगार बायकापोरांना घेऊन होम मैदानावर. नेमक्या याच सुमाराला जर्मनीत फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल भरतं. टॉवेल, चादरी, पडदे अशा घरगुती कापडाचं हे जगातलं मोठं प्रदर्शन. 2025 साली ते 14 ते 17 जानेवारीला होतं, म्हणजे इथे गड्डा चालू असतानाच तिकडे दारं उघडली. 2026 साली 13 ते 16. बायरला तिथे जाऊन भेटायचं की व्हिडिओ कॉलवर भागवायचं, हा प्रश्न टेरी टॉवेलची निर्यात करणाऱ्या कारखानदारापुढे जानेवारीत नाही, सप्टेंबरातच उभा राहतो. कारण मध्ये व्हिसा आहे.

हा प्रश्न बहुतेक वेळा चुकीच्या तराजूत तोलला जातो. एका पारड्यात तिकीट, हॉटेल, प्रदर्शनातला गाळा. दुसऱ्या पारड्यात जवळजवळ फुकटचा कॉल. असं तोललं तर कॉलच भारी ठरणार. मग एखादी ऑर्डर हातची गेली की वारं फिरतं आणि सगळे म्हणू लागतात, तोंड दाखवल्याशिवाय धंदा होत नाही. मला दोन्ही पटत नाही. जायचं की नाही हे भाड्यावर ठरवू नये आणि बायर केवढा मोठा आहे यावरही ठरवू नये. त्या भेटीत जे ठरायचं आहे त्याला हात लावावा लागतो का, एवढंच बघावं. कापडधंद्यात 'मालाचा हात' असा शब्दच आहे. टॉवेल मुठीत धरला, दाबला आणि सोडला की तळव्याला जे कळतं तो त्याचा हात.

हा हात कशाने बनतो ते जवळून बघण्यासारखं आहे. लूपच्या, म्हणजे टॉवेलवरच्या फासांच्या, सुताला पीळ कमी असेल तर टॉवेल मऊ लागतो, पण पहिल्या धुण्यात तंतू सोडतो. लूप लांब ठेवला तर भरगच्च वाटतो, पण नखात, दागिन्यात अडकून ओढला जातो. आणि शेवटी फिनिशिंगला सिलिकॉनचा सॉफ्टनर. तो जास्त मारला की टॉवेल पहिल्या स्पर्शाला लोण्यासारखा लागतो, पण त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा: थेंब आत न शिरता मण्यासारखा वर बसतो. अंग पुसायच्या कापडाने पाणीच घेतलं नाही तर काय उपयोग? काही धुण्यांत सॉफ्टनर उतरतो आणि मग खरा हात समोर येतो. जाणता बायर म्हणून कोऱ्या टॉवेलावर विश्वास ठेवत नाही. टेबलावर नेहमी दोन टॉवेल असावेत, एकाच थानातून कापलेले. एक कोरा आणि एक 60 अंशांच्या पाण्यात पाच वेळा धुऊन वाळवलेला. धुतलेला टॉवेल हातात घेऊन बायर बोटाने लूप ओढतो, पट्टीजवळ आखडलेला भाग अंगठ्याने ताणून दाखवतो, काठ उलटा करून शिलाई बघतो. त्या दोन मिनिटांत सूत बदलायचं की लूप एक मिलिमीटरने कमी करायचा हे ठरून जातं. तेच ईमेलवर ठरवायला तीन वेळा नमुने पाठवावे लागतात आणि दीड-दोन महिने जातात. अशा कामासाठी फ्रँकफर्टला जावं. बिनधास्त जावं.

आता उलट बाजू. वजनाच्या भांडणासाठी विमानात बसणं म्हणजे पैसे पाण्यात. 70 बाय 140 सेंटिमीटरचा टॉवेल घ्या. क्षेत्रफळ 0.98 चौरस मीटर. 500 जीएसएमचा (चौरस मीटरला 500 ग्रॅम) असेल तर वजन 490 ग्रॅम. करारात पाच टक्के कमी-जास्त चालत असेल तर 466 ते 514 ग्रॅमपर्यंत माल पास. पण कापूस हवेतलं पाणी पीत असतो. ऑगस्टात, पावसाळी दमट हवेत, सुक्या कापसाच्या वजनाच्या साधारण दहा टक्के पाणी त्यात असतं. तोच टॉवेल जानेवारीत जर्मनीतल्या हीटर लावलेल्या खोलीत गेला, जिथे हवेत आर्द्रता तीस टक्क्यांच्या आसपास असते, की पाणी चार टक्क्यांवर येतं. इथे 490 ग्रॅम भरलेला टॉवेल तिथल्या काट्यावर 463 दाखवतो. एकही धागा कमी घातलेला नसताना माल नापास! यावर प्रत्यक्ष जाऊन हातापाया पडायची गरज नाही. दोन्हीकडे नमुना चोवीस तास 20 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रतेत ठेवून मग मोजायचा, हे करारातच लिहून घ्यावं. ते शक्य नसेल तर निदान काट्याशेजारी आर्द्रतामापक ठेवून त्याचा आकडा वजनासोबत नोंदवावा. यंत्र स्वस्त असतं आणि वाद कॉलवर अर्ध्या तासात मिटतो.

वजनातच अजून एक गोम आहे. गोल कटरने 100 चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापून त्याचं वजन शंभरने गुणायचं, ही जीएसएमची सोपी रीत. टेरीवर ती फसते. कडेचे लूप कापले जातात, तंतू गळतात आणि आकडा कमी येतो. शिवाय टॉवेलच्या सपाट पट्टीत लूपच नसल्यामुळे तिथलं कापड हलकं असतं. म्हणजे मधल्या अंगाचं जीएसएम वेगळं आणि अख्ख्या टॉवेलच्या वजनावरून काढलेलं वेगळं. बायर एक धरून बसतो, कारखानदार दुसरं. दोघेही खरे असतात. करारात 'प्रति नग वजन' असंच लिहावं.

रंगाचं प्रकरण या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येतं. पडद्यावर शेड पास करणं हा धोका आहे, मग फोन कितीही महागडा असो. कॅमेरा आपणहून पांढऱ्याचा समतोल बदलतो. ट्यूबलाइटखाली धरलेला मोतिया टॉवेल तिकडे पिवळट दिसतो. मोरपिशी आणि गडद लाल तर बहुतेक स्क्रीनवर खरे उमटतच नाहीत. पण म्हणून रंगासाठी प्रवास हवा असंही नाही. लॅब डिपचे, म्हणजे प्रयोगशाळेत रंगवलेल्या नमुन्याचे, तीन तुकडे अ, ब, क अशा खुणा करून कुरिअरने पाठवावेत आणि त्याच तुकड्यांचे जोडीदार इथे जपून ठेवावेत. दोन्हीकडे लाइट बॉक्स हवा. त्यात डी65 म्हणजे दिवसाचा उजेड आणि टीएल84 म्हणजे दुकानातला उजेड, दोन्हीखाली बघायचं. एका उजेडात जुळणारा आणि दुसऱ्यात फुटणारा रंग हा डाईंगवाल्याचा जुना शत्रू. निळ्या-करड्या रंगांत तर हमखास. मग कॉलवर बोलायचं ते फक्त 'ब पास, दोन्ही उजेडांत, ग्रे स्केलवर 4-5' एवढंच (ग्रे स्केल म्हणजे रंगातला फरक मोजायची पट्टी). डोळे त्यांचे, तुकडा त्यांच्या हातात, पडदा नुसता बोलण्यापुरता.

एकूण हिशेब मांडला तर वर्षातल्या दहा बैठकांपैकी एखादीच अशी निघते जिला माणूस लागतो. त्या एकीसाठी वेळेत पोचता येणं, हाच आता सगळ्यात कठीण भाग झाला आहे.

जर्मनीसह युरोपातल्या अनेक देशांना एकत्र चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला नियमाप्रमाणे 15 दिवस, अडलं तर 45. फी 11 जून 2024 पासून 90 युरो, वर अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार. नियमात न लिहिलेला वेळ असतो तो अर्ज देण्याची तारीख मिळण्याचा. दिवाळीनंतर सगळ्या महाराष्ट्राचे कापडवाले, यंत्रवाले आणि नाताळला फिरायला निघालेली कुटुंबं एकाच खिडकीवर येतात. म्हणून जानेवारीच्या प्रदर्शनासाठी गणपती उठले की अर्जाची तारीख घ्यावी आणि दसरा-दिवाळीच्या आत बोटांचे ठसे देऊन मोकळं व्हावं. लवकर करण्याला आणखी एक कारण आहे. जर्मनीने 1 जुलै 2025 पासून व्हिसा नाकारल्यावर फेरविचार मागण्याची सोय बंद केली. आता नकार आला तर नवा अर्ज करायचा, नाहीतर तिथल्या कोर्टात जायचं. ऑक्टोबरात नकार आला तर दुसऱ्या अर्जाला वेळ उरतो. डिसेंबरात आला तर गाळ्याचं भाडं भरलेलं, नमुने गेलेले आणि माणूस अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतच. शिवाय अर्ज चालू असेपर्यंत पासपोर्ट आत अडकतो. त्या काळात दुबईचं काम निघालं तरी जाता येत नाही, तेव्हा ते आधी उरकावं.

फाइल कुठे अडते? बहुतेक वेळा पैशांवर नाही, नावावर. सोलापुरातल्या तेलुगू घरांत आडनाव आधी लिहायची रीत आहे. शाळेच्या दाखल्यावर एक क्रम, पॅनवर दुसरा, पासपोर्टवर तिसराच. कधी पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच. बायरचं निमंत्रण व्हिजिटिंग कार्डावरच्या नावाने येतं आणि ते पासपोर्टशी जुळत नाही. निमंत्रण मागताना पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत पाठवावी आणि अक्षरन् अक्षर तसंच लिहून मागावं. भागीदारी पेढी असेल तर दुसऱ्या भागीदाराचं सहीचं पत्र हवं: हा गृहस्थ आमच्यातर्फे, या तारखांना, या कामासाठी जात आहे आणि खर्च पेढीचा. आयात-निर्यात कोड, जीएसटी नोंदणी, तीन वर्षांची आयकर विवरणं आणि आधी पाठवलेल्या मालाची एक-दोन शिपिंग बिलं जोडावीत. शिपिंग बिल बोलकं असतं. ते जोडलं की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. विमा किमान 30 हजार युरोचा, आणि हॉटेलच्या तारखांत एकही रात्र मोकळी नको.

बोटांच्या ठशांचीही तयारी लागते. आपल्याकडे विडी वळणाऱ्या बायकांचे ठसे रेशन दुकानातल्या मशीनवर उमटत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. सोडा आणि रसायनांत हात घालणाऱ्या डाईंगवाल्याचंही तेच होतं. जायच्या आधी आठ-दहा दिवस ते काम दुसऱ्याकडे द्यावं आणि रात्री बोटांना खोबरेल चोळावं. एकदा दिलेले ठसे 59 महिने चालतात.

एप्रिल 2024 पासून भारतीयांसाठी एक चांगली सोय झाली आहे. तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नीट वापरले असतील तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा आणि कितीही वेळा जाण्यायेण्याचा मिळू शकतो. घरच्या पेढ्यांत एक चूक सर्रास होते: या वर्षी थोरला, पुढच्या वर्षी धाकटा, तिसऱ्या वर्षी पुतण्या, सगळ्यांना परदेश दिसावा म्हणून. भावना समजते. पण त्यात कुणाचेच दोन व्हिसे होत नाहीत आणि दर वर्षी सगळं पहिल्यापासून. ज्याला मालाचा हात कळतो त्यालाच सलग पाठवावं.

अमेरिकेचं गणित निराळं. तिथे मुलाखतीला मुंबई किंवा हैदराबाद गाठावं लागतं आणि पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला तारखेसाठी महिनोन् महिने थांबावं लागू शकतं. अमेरिकेच्या बायरशी कॉल आणि कुरिअरवरच संसार करायचा असं धरून चालावं आणि व्हिसाचा अर्ज ऑर्डरची वाट न बघता टाकून ठेवावा.

व्हिसा मिळाला म्हणजे सीमा संपली असं नाही. 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपने पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी संगणकी नोंद सुरू केली. 10 एप्रिल 2026 पासून ती सगळीकडे लागू. पहिल्या खेपेला चेहऱ्याचा फोटो आणि माहितीची नोंद, त्यामुळे रांग लांबते. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की ही तपासणी शेंगेनच्या पहिल्या विमानतळावर होते. म्युनिक किंवा ॲमस्टरडॅमला विमान बदलून फ्रँकफर्टला जायचं असेल तर रांग त्या मधल्या ठिकाणी लागते आणि दीड तासाचं कनेक्शन हमखास चुकतं. सरळ फ्रँकफर्टला उतरावं किंवा आखातातून जावं, म्हणजे चुकण्यासारखं पुढचं विमानच नसतं. उतरल्या दिवशी एकही भेट ठेवू नये. खिडकीवर विचारतात ते तीनच प्रश्न: कशाला, किती दिवस, कुठे राहणार. प्रदर्शनातला हॉल नंबर, हॉटेल आणि परतीचं तिकीट कागदावर असावं. फोन नेमका तिथेच बंद पडतो.

बॅगेतल्या नमुन्यांचंही तसंच. नवेकोरे चाळीस टॉवेल घेऊन उतरलं तर कस्टमवाल्याला तो विक्रीचा माल वाटणं साहजिक आहे. प्रत्येक नमुन्याच्या कोपऱ्यात कात्रीने स्पष्ट छेद द्यावा किंवा न पुसणाऱ्या शाईने 'नमुना, विक्रीसाठी नाही' असं इंग्रजीत छापावं. असा माल विकण्याजोगा राहत नाही म्हणून तिथे त्याला शुल्कातून सूट मिळते. सोबत 630260 हा टेरी टॉवेलचा कोड घातलेली यादी. महागडे, न कापता परत आणायचे नमुने असतील तर फिक्की या उद्योगसंघटनेकडून कार्नेट (माल शुल्काविना तात्पुरता नेऊन परत आणायचा कागद) काढता येतं, पण टॉवेलासाठी तेवढी उठाठेव नको. दूध-तुपाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खुशाल न्यावी.

कॉलबद्दल थोडं, कारण वर्षाच्या उरलेल्या नऊ बैठका तिथेच व्हायच्या आहेत. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. घड्याळ तिकडे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या आठवड्यांत (मार्चमध्ये दोन-तीन, ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक) नेहमीच्या वेळा हमखास चुकतात. निमंत्रणात त्यांची वेळ आधी आणि आपली नंतर लिहावी. मागाजवळून बोलू नये. खडखडाटात ॲप माणसाचा आवाजही गोंगाट समजून कापून टाकतं. कारखाना दाखवायचाच असेल तर आदल्या दिवशी चित्रीकरण करून ठेवावं: सुताची पेटी, बीम (ताणा गुंडाळलेला रूळ), माग, डाईंग, तपासणीचं टेबल, पॅकिंग, या क्रमाने, न कापता, चार मिनिटांत. गड्ड्याच्या आठवड्यात तर हे लागतंच, कारण फ्रँकफर्टच्या गाळ्यावर बायर म्हणतो 'आत्ता कारखाना दाखवा' आणि इथे कुलूप असतं. बोलणं झालं की त्याच दिवशी ठरलेले आकडे ईमेलने लिहून पाठवावेत. समोरासमोरच्या भेटीत हा आळस एखादे वेळी खपतो, कॉलमध्ये नाही.

तक्रारीच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. कंटेनर पोचल्यावर धुण्यात रंग सुटला, लूप निघाले, अशी मोठी तक्रार आली तर फोटोंवर वाद घालू नये. वाईटात वाईट सहा टॉवेलांचे फोटो येतात आणि बाकीचे सहा हजार कसे आहेत ते दोघांपैकी कुणालाच कळत नाही. गोदामात उभं राहून, वेगवेगळ्या खोक्यांतून आपल्या हाताने नग काढून, त्यांच्यादेखत धुऊन बघणं हाच उपाय. प्रदर्शनाला गेलं नाही तरी चालेल, तक्रारीला जावं. आणि त्यासाठी दोन वर्षांचा व्हिसा हाताशी हवा. तक्रार 45 दिवस थांबत नाही. लहान कारखानदार इथेच मरतो. जाता येत नाही म्हणून सांगतील ती कपात मान्य करतो आणि वर्षभराचा नफा त्या एका कंटेनरमध्ये संपतो. चूक कधी पॅकिंगमधल्या ओलाव्याची असते, कधी त्यांच्याच गोदामातल्या गळक्या छपराची, आणि ते बघायला आपलं माणूस तिथे नसतं.

एक रस्ता मात्र फार कमी जण धरतात. सीमा आपल्याला जेवढी अडवते तेवढी त्यांना अडवत नाही. जर्मन बायरला भारताचा ई-बिझनेस व्हिसा घरबसल्या मिळतो. अर्ज प्रवासाच्या 120 दिवस आधीपासून, किमान चार दिवस आधी. आपल्याकडून फक्त लेटरहेडवर निमंत्रण आणि त्यांचं व्हिजिटिंग कार्ड लागतं. पूर्वी 'सोलापूरला पोचायचं कसं' यावरच बोलणं संपायचं. फेब्रुवारी 2023 पासून मुंबईहून वंदे भारत आहे, ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबईचं विमानही सुरू झालं. आपल्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, ते सोलापूर या नावाला आहे, आणि बायरने ते नाव अजून फक्त लेबलवर वाचलेलं असतं. फेब्रुवारीत बोलवावं. गड्डा उरकलेला असतो, माग भरात असतात, ऊन अजून सोसण्यासारखं असतं. पहिल्या दिवशी हॉटेलच्या हॉलमध्ये सादरीकरण वगैरे करत बसू नये, थेट मागावर न्यावं. ताण्याचे दोन बीम दाखवावेत, एक कापडाचा, एक लूपचा, आणि लूपच्या बीमवर हाताने ताण किती सैल ठेवतात ते त्यांना स्वतः चाचपू द्यावं. मग ऑफिसात आणून, चहा येण्याच्या आधी, पाच वेळा धुतलेला टॉवेल त्यांच्या हातात ठेवावा आणि ते बोलेपर्यंत आपण गप्प बसावं.